ट्रकचं छप्पर

बाबा,

तुम्ही गेल्यावर तुमचा अर्धवट राहिलेला प्लास्टिकचा जुना मॉडेल ट्रक मी जोडायला घेतला. केबिनचं छप्पर काही केल्या बसेना. गरम पाण्यात धरून सरळ केलं, कडा पॉलिश पेपरने घासल्या, तरी फट राहिलीच. मग आत डोकावले. ड्रायव्हरशेजारी तुम्ही हाताने कापलेली जादा सीट चिकटवली होती, लहान मुलाला बाहेरचं दिसेल इतकी उंच. तीच छपराला लागत होती.

तुम्ही खरा ट्रक घेऊन निघालात की मी मागे लागायचे. “जागा नाही गं,” म्हणायचात. तोच राग धरून बसले आणि शेवटी भेटायलाही आले नाही.

सीट घासली नाही. छपराखाली पट्टी लावून तेच उंच केलं. ट्रक बेढब दिसतो, पण आता मला रस्ता दिसेल.

तुमची,
धाकटी