काचघरातली मैना

सोमवार, ता. ३
आले एकदाची. मुलगा इथल्या काचघराचा माळी, सून फाटकावर तिकिटं फाडते. दोघं दिवसभर कामाला, म्हणून नातीला सांभाळायला मला बोलावलं. नात चार वर्षांची, घरात तिला ठकी म्हणतात. घर बागेतच, काचघराच्या मागे दोन खोल्या. बाग शंभराहून जास्त वर्षांची आहे म्हणे, आत प्राणिसंग्रहालय. सकाळी सिंहानं डरकाळी फोडली तशी सूनबाई म्हणाली, घाबरू नका. मी म्हटलं, तुझा सासरा याहून मोठ्यानं घोरायचा. ही वही तिनंच दिली. लिहीत बसा म्हणाली, म्हणजे माझं डोकं कमी खाल. मी तिसरी नापास, पण अक्षर तिच्यापेक्षा बरं आहे.

बुधवार, ता. ५
ठकीनं आज सगळी बाग फिरवली. पाणघोडा थेट माझ्या नणंदेसारखा, बसल्या जागी फक्त कान हलवतो. काचघरात मात्र जीव गुदमरतो. लोखंडी खांब, छतापर्यंत काच, आत झाडं आणि वाफ. मधोमध ताडाखाली एक काळी मैना, पिवळ्या चोचीची. पिंजऱ्यावर पाटी: या पिंजऱ्याशी बोलू नये. एकेक अक्षर लावून वाचली आणि हसले. पिंजऱ्याशी बोलायला मला वेड लागलंय का? मी मैनेशी बोलणार. तेवढ्यात पक्ष्यांचा रखवालदार धावत येऊन हातवारे करायला लागला. मुका आहे बिचारा. मैना मात्र घोगऱ्या पुरुषी आवाजात ओरडली, फाटक बंद होतंय, चला बाहेर! ठकी हसून हसून लोळली. मग आम्ही दोघींनी मैनेची शिकवणीच लावली.

शुक्रवार, ता. ७
शिकली! “आजी” म्हणते, हुबेहूब ठकीच्या आवाजात. ठकीनं पाठोपाठ दूध, पाणी, आई हेही शिकवलं. माझ्या मुलाला एवढं यायला दोन वर्षं लागली होती.

रविवार, ता. ९
ठकी मला हाक मारत नाही. बाही ओढते. तहान लागली की पेल्याकडे बोट. मला वाटलं नाटकं करते, एक धपाटा घातला. तोंड उघडून नुसतं आ आ केलं आणि डोळ्यांतून घळाघळा. आईलाही आई म्हणता येईना. डॉक्टरीणबाईंनी घसा बघितला, चांगला आहे म्हणाल्या, आजीनं लाडावून ठेवलीय. मी आणि लाड!

मंगळवार, ता. ११
मुलाला सहज विचारलं, रखवालदार जन्माचा मुका का? नाही म्हणाला. पाच वर्षांमागे संध्याकाळी बाग तोच रिकामी करायचा, आवाज तळ्यापलीकडे ऐकू जायचा. फाटक बंद होतंय, चला बाहेर.
दोघांना बसवून सगळं सांगितलं. मुलगा म्हणाला, आई, जरा पडतेस का. सूनबाई आतल्या खोलीत जाऊन त्याला म्हणाली, ह्यांना परत पोचवून ये. मला ऐकू येतं अजून.

बुधवार, ता. १२
मैनेची मान मुरगळायला गेले. रखवालदारानं मनगट धरलं. स्वतःच्या तोंडाकडे बोट, मग मैनेच्या पोटाकडे, मग मूठ आवळून जोरजोरात मान हलवली. कळलं. ती मेली की आतलं सगळं मेलं.
संतापून मी तिला माझी ठेवणीतली शिवी हासडली. तिनं मान तिरकी करून ती माझ्याच आवाजात परत फेकली. घरी आले तर ठकी म्हणाली, पाणी.
शिवी कुठली ते लिहायला बसले. हाताला सापडत नाही.

गुरुवार, ता. १३
तिच्या पोटात जागा मोजकी. नवा शब्द घातला की एक जुना सुटतो. जन्मभर तोंडाचा पट्टा चालवलाय, शब्दांना काय तोटा! आज आणखी दोन शिव्या दिल्या, आणि ज्यावर डोकं टेकून झोपतात ते दिलं. ठकीचं दूध सुटलं. बाकी दोन रखवालदाराचे. तो “चला” म्हणाला आणि रडत बसला. त्याच्यासाठी नव्हते दिले मी.

शनिवार, ता. १५
आई सुटलं. सूनबाई म्हणाली, बघा, लाडच होते ते. उत्तर जिभेवर आलं होतं, पण — आलंच नाही.
आजी सुटत नाही. पहिला शिकली, घट्ट धरलाय. आज अडवायचे, दरडावायचे शब्द होते तेवढे सगळे दिले. पोराबाळांना दिवसभर तेच तर म्हणत आले, वाटलं वजनदार असतील. रखवालदार आता अख्खं वाक्य बोलतो. ठकी नुसती बाही —

सोमवार, ता. १७
उरलं होतं ते दिलं. पोरीचं नाव. आणि हाक मारून जवळ बोलावतात, तो शब्द. पिंजऱ्याला तोंड लावून.
सुटलं. दारात उभी राहून म्हणाली, आजी. मी नाक पुसलं, दुसरं काय —

मंगळवार, दुपार
दोघं कामाला. काचघरातून माझा आवाज. पोरीचं नाव घेतो, मग तो दुसरा — जवळ बोलावतात तो. पुन्हा. फार गोड. मी कधी इतक्या गोड —

चपला घातल्या तिनं. तिथे गेली की बोलेल. बोलली की सगळं — आणि माझ्याकडे द्यायला आता —

दाराला पाठ लावून बसले आहे. अडवायचा शब्द — एकही — हात धरला, चावली. ढकलते. माझ्याच तोंडावर ओरडते, सोड मला, आजी बोलावते आहे.

सूनबाई, हे वाच. पोरीला काचघरात — तिला सांग, ती आजी नव्हे. आजी इथे. दारात. ही मी —