मर्लच्या सायकलचे मागचे चाक

सोमवार, ३ मार्च
संकल्प: मर्लच्या सायकलचे पंक्चर शनिवारपूर्वी स्वहस्ते काढणे. शनिवारी आमची कन्या जोसलिन ॲडलेडहून येत आहे. आईची, म्हणजे मर्लची, रक्षा तिच्याच सायकलच्या टोपलीतून नदीवर न्यावी, अशी जोसलिनची इच्छा.
सायकल दुकानात देता आली असती. परंतु गेल्या सप्टेंबरात, रुग्णालयात, चाक दुरुस्त केल्याचे मी मर्लला सांगितले होते. ते असत्य नव्हते. केवळ भविष्यकाळाऐवजी भूतकाळ वापरला गेला.

मंगळवार, ४ मार्च
टायर उचकटण्यास जेवणाचे चमचे वापरले. दोन वाकले. लग्नातले होते.
ट्यूब बादलीत बुडवली. बुडबुडे आले तेथे ठिगळ लावले. सायंकाळी चाक टणक. एकतीस वर्षे वायुदाब शिकवलेल्या मनुष्यास यात अवघड ते काय?

बुधवार, ५ मार्च, सकाळी ७
चाक सपाट. ठिगळ निकृष्ट प्रतीचे असावे.
कुंपणापलीकडून शेजारी नेव्ह ओरडला, "काय प्रोफेसर, टाकली का चाकाने मान?" मग म्हणाला, "सराट्याचा काटा काढलास ना आधी?" ट्यूबमध्ये सराटा नसल्याची मी स्वतः खात्री केली आहे, असे त्यास कळवले. तो फार वेळ हसला. हा गृहस्थ बिअरची बाटली दातांनी उघडतो. त्याचे मत विचारात घेतलेले नाही.

गुरुवार, ६ मार्च
दुसरे ठिगळ, पहिल्याच्या शेजारी. सायंकाळी पुन्हा सपाट.
गेल्या वर्षी फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत मर्ल चर्चमधील गाण्याच्या तालमीस पायी गेली. चाकाविषयी तिने तीनदा सांगितले. तिसऱ्यांदा म्हणाली, "राहू दे क्लाइव्ह, चालल्याने पाय मोकळे होतात."
मी ती परवानगी समजलो.

शुक्रवार, ७ मार्च
नवी ट्यूब बसवली. चमचे पुन्हा वापरले. तसेही वाकलेलेच होते. चाक दगडासारखे. निष्कर्ष: दोष जुन्या ट्यूबचा होता.
जोसलिनला दूरध्वनी करून सायकल तयार झाल्याचे सांगितले. या खेपेस भूतकाळ सार्थ आहे.

शनिवार, ८ मार्च
चाक सपाट.
जोसलिनने रक्षेचा डबा टोपलीत ठेवला आणि चाक पाहिले. टायर काढला, आतून बोट फिरवले. "आई गं!" बोटावर रक्त. टायरमध्ये सराटा होता, बहुधा वर्षभर. "डॅड, काटा आतच ठेवून ट्यूब बदलत बसलास होय रे?"
तेव्हा मी रुग्णालयातील गोष्ट कबूल केली.
ती बोट पुसत राहिली. म्हणाली, "आईला माहीत होतं. तू घरी गेल्यावर मला म्हणाली, 'हाताला काळा डाग नाही की नखात मळ नाही! पण किती मनापासून सांगत होता बिचारा.'"

नव्या ट्यूबलाही भोक पडलेले, आणि ठिगळ चिकटवायचे सोल्यूशन मी सगळे संपवले होते. अखेर सायकल ढकलत निघालो: जोसलिन हँडलला, मी मागे, मर्ल टोपलीत. नेव्हने कुंपणापाशी हॅट काढली.
नदी साडेतीन किलोमीटर.
चालल्याने पाय मोकळे होत नाहीत. दुखतात.