मधलं नाव रेडशॉ

मी, विनिफ्रेड रेडशॉ लॉरिमर, राहणार चॅपल गल्ली, थॉर्नहोप, नॉर्थम्बरलंड, अविवाहित, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्या धाकात नसताना हे मृत्युपत्र लिहिते. याआधीचं माझं कुठलंही लिखाण रद्द समजावं. वकील श्री. टुलक म्हणतात, मृत्युपत्रात भांडणं लिहू नयेत. त्यांनी त्यांच्या मृत्युपत्रात खुशाल लिहू नयेत.

कलम पहिलं. राहतं घर, मागचा वाफा, कोंबड्या आणि पोस्टातली शिल्लक माझी भाची रूथ लॉरिमर हिला, विनाअट. तिचा बाप, म्हणजे माझा भाऊ नॉर्मन, याला या घराचा उंबरठासुद्धा नाही. का, ते सांगते.

आमच्या डोंगरात लग्नाशिवाय मूल झालं, की आई बाप्तिस्म्याच्या वेळी बापाचं आडनाव मुलाच्या मधल्या नावात घालते. फिर्याद नाही, कोर्ट नाही. पण सगळं गाव ऐकतं. माझी पणजी हॅना रेडशॉंच्या शेतावर मोलकरीण होती. तिने पाद्र्याला बाळाचं नाव ठणकावून सांगितलं, मॅथ्यू रेडशॉ लॉरिमर. चर्चच्या दारातच रेडशॉ भावांनी तिला गाठलं आणि बाळ कडेवर असताना तिचा जबडा फोडला. पुढे मरेपर्यंत ती ओटच्या पातळ लापशीवर जगली. नाव मात्र तिने फिरवलं नाही, आणि तेव्हापासून आमच्या घरातल्या थोरल्या अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, ते मिळत आलं.

मॅथ्यू आजोबांनी मेंढ्यांच्या बाजारात ते नाव मोठ्याने सांगितलं, तेव्हा एका रेडशॉने त्यांच्या पाठीवर काठी मोडली. त्यांना पुन्हा कधी ताठ उभं राहता आलं नाही. माझ्या वडिलांच्या गवताच्या गंजीला आग लावली गेली. वडिलांनी हातोडा घेतला, एका रेडशॉचा गुडघा फोडला आणि तुरुंगात गेले. त्या गुडघ्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

कलम दुसरं. त्या मोडक्या काठीचे दोन्ही तुकडे रेडशॉंच्या शेताचे आजचे मालक श्री. एडगर रेडशॉ यांना परत द्यावेत. वस्तू त्यांच्या घरची आहे.

कलम तिसरं. भिंग, थडग्यांवरचं शेवाळ काढायचा ब्रश आणि आडनावांची सगळी टिपणं काउंटीच्या वाचनालयाला. आयुष्यभर मी लोकांची घराणी शोधून दिली. कॅनडाहून माणसं येतात, प्रत्येकाला पूर्वज सरदार हवा असतो आणि निघतो डुकरं राखणारा. आमच्या नॉर्मनचंही तेच. घराण्यातलं रेडशॉ हे मधलं नाव त्याला मान वाटला. कुणीतरी बड्या माणसाने आजोबांना मांडीवर घेतलं असेल, म्हणे. ढालतलवार काढलेली वंशावळ त्याने भिंतीवर टांगली. मी खरं सांगितलं, तर दोन महिने माझ्याशी बोलला नाही. ती वंशावळ त्याचीच, त्याने ती डोक्याशी घेऊन झोपावं.

लॉरिमर म्हणजे घोड्याच्या तोंडातली लोखंडी कडी घडवणारे. आमच्या घराण्यातली एक जुनी कडी चुलीवर टांगली आहे. ती गेराल्ड रेडशॉला, एडगरच्या मुलाला, द्यावी. कुठे घालायची ते त्याला कळेल.

कारण रूथला दिवस गेलेत ते या गेराल्डपासून. नाव घालणार, असं ती म्हणाली, तेव्हा त्याने तिला धान्याच्या कोठाराच्या पायऱ्यांवरून खाली ढकललं. हात मोडला, पोटातलं जगलं. बाप तिला म्हणाला, "नाव घालू नकोस, पोरी. आपलं कुरण जाईल." कुरण रेडशॉंकडून खंडाने घेतलेलं आहे ना! मोडका हात दुसऱ्या हाताने धरून ती माझ्या दारात आली.

"आत्या, नाव घालू ना?"

"तुझं तू ठरव. घर तुझंच आहे."

मी आज गेले आणि हे मृत्युपत्र टिकलं नाही, तर घर नॉर्मनला जाईल, आणि रूथ पोटासकट रस्त्यावर येईल.

कलम चौथं. माझ्या वडिलांची बंदूक नदीच्या डोहात टाकावी. रूथच्या हाती देऊ नये, तिचा नेम चांगला आहे.

कलम पाचवं. मला रेडशॉंच्या थडग्यांशेजारच्या वाटेलगत पुरावं आणि दगडावर पूर्ण नाव कोरावं. दर रविवारी त्यांना तिथूनच जावं लागतं.

साक्षीदारांविषयी. कायद्याला दोन लागतात. रूथचा हात बांधणाऱ्या नर्स टेट लगेच तयार झाल्या. दुसरा मिळेना. अर्धं गाव रेडशॉंच्या घरांत भाड्याने राहतं. खाटकाला अचानक कामं निघाली, पोस्टमास्तरांचा चष्मा हरवला. आज सकाळी दार वाजलं. एडगरची बायको मार्जरी दारात उभी होती. हातमोजे काढून बसली, तेव्हा तिची वाकडी जुळलेली करंगळी मी पहिल्यांदा पाहिली.

"त्या दिवशी मी कोठाराच्या पायऱ्यांखाली होते, विनिफ्रेड," ती म्हणाली. "मी पाहिलंय. कुठे सही करू?"

घरी काय सांगशील, असं मी विचारलं.

"सांगायचं काय? सही दिसेलच की."

ठिकाण थॉर्नहोप, दिनांक ९ मार्च १९५८.

विनिफ्रेड रेडशॉ लॉरिमर

आम्हां दोघींच्या देखत विनिफ्रेडबाईंनी वर पूर्ण नावाने सही केली.

ब्रेंडा टेट, नर्स, थॉर्नहोप

मार्जरी रेडशॉ, गेराल्डची आई. बाप्तिस्म्याला बाळाला मी धरणार आहे. नाव मी सांगेन.