शुक्रीची आयस

प्रिय ताई,

नमस्कार शेवटी करते, आधी भांडून घेते. फोनच करणार होते, पण फोनवर तू रडतेस. तू रडलीस की मी गप्प बसते आणि मग तुला वाटतं, योगीचा राग गेला. या वेळी गेलेला नाही. रविवारी तुझ्या घरातून निघाले तेव्हा होता तेवढाच आहे, उलट झाकून ठेवलेल्या भातासारखा आणखी आंबलाय. म्हणून लिहायला बसले. शुक्रीसाठी आणलेल्या नव्या वहीची पानं फाडून लिहितेय, कारण जिची वही आहे ती इथे नाही.

रविवारचंच आधी सांगते. तू समोर होतीस, तुला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या बाजूने ते कसं दिसलं ते जरा ऐक. घोलवडला वाडीत अर्धा दिवस चिकू काढून मी तशीच रिक्षात बसले. शुक्रीला जरा करकरीत चिकू आवडतात म्हणून तसे निवडून पिशवीत घेतले होते. तुमच्या डहाणूच्या रेल्वे क्वार्टरचा जिना चढायला लागले तर वरून पोरगी धावत आली. अंगात पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, पायात बूट. मी पिशवी खाली ठेवून हात पसरले. ती अर्ध्या जिन्यात थांबली, मागे वळून तुझ्याकडे बघितलं आणि ओरडली, "मम्मी, योगिता मावशी आली!"

ताई, मला आधी कळलंच नाही. मी सुद्धा मागे वळून बघितलं, ही कोण योगिता मावशी आली म्हणून. मागे कोणी नव्हतं. तेवढ्यात तुझी ती समोरच्या दारातली शेजारीण बाहेर आली आणि हसून मला म्हणाली, "तुमची भाची एकदम स्मार्ट आहे हं. इंटरव्ह्यूला काय फटाफट बोलली! आम्ही तर समजत होतो निलमला मूलच नाही. मुलगी गावाला ठेवली होती, हे आत्ता कळलं बघा." मी पण हसले. माझ्याच पोटच्या पोरीची भाची म्हणून तारीफ ऐकली आणि हो हो म्हणाले. घरी येईपर्यंत त्या हसण्याची मला लाज वाटत होती.

आत आल्यावर स्वयंपाकघरात तू हळूच सांगितलंस, "अगं, त्या शाळेत आई आणि वडील दोघांनाही भेटायला बोलावतात. तुझा सुनिल बोटीवर. तू एकटी येऊन काय बोलली असतीस त्यांच्याशी? एक जागा रिकामी होती, ती गेली असती, म्हणून आई-वडील म्हणून मी आणि हे बसलो. नुसतं शाळेपुरतं आहे." आणि मग माझ्यासमोर पोह्यांची बशी ठेवलीस, पाहुण्यांची, त्या निळ्या फुलांची. मला तू आजवर कधी त्या बशीत खायला दिलं नव्हतंस.

आता मला सांग, शाळेपुरतं असतं तर जिन्यात मावशी कशाला? शाळेपुरतं असतं तर शेजारणीला खरं सांगायला काय हरकत होती? आणि मी काय बोलले असते म्हणजे? दहावी झालेली आहे मी, तूच केलीस. शाळा व्यवस्थापन समितीत मी सदस्य आहे, ग्रामसभेत उभी राहून सरपंचाला विचारते की शाळेचं पत्र्याचं काम का अडलंय. मला तुमच्या त्या शाळेतल्या मॅडमसमोर वाचा फुटली नसती का? नवरा बोटीवर खलाशी आहे, मासेमारीच्या बंदीत घरी येतो, हे सांगायला मला लाज नाही वाटत. तुला वाटली. तेवढीच गोष्ट आहे. आणि त्या शाळेचाही मला राग आहे. पोर शिकवायची सोडून आई कोण, बाप कोण, काय घालून आले हे बघत बसतात.

मी निघताना शुक्री माझ्या कानाशी आली. तू भांडी घासत होतीस, तुला ऐकू गेलं नसेल. मला म्हणाली, "आये, इथं आपली बोली नाय बोलायची. मम्मी ओरडते." म्हणजे तिला ठाऊक आहे, ताई. आये कोण आणि मम्मी कोण, हे त्या एवढ्याशा जिवाला नीट ठाऊक आहे आणि ती ते कानात सांगायला शिकलीय. आपल्या पोरीला तू पहिला धडा हा दिलास.

आठ दिवस म्हणून नेली होतीस. काकाच्या सोनलच्या हळदीला आलीस, पोर तुझ्या मांडीवरून उतरेना, तू म्हणालीस नेते हिला, समुद्र बघेल, गाड्या बघेल. मी म्हटलं ने. कपड्यांची पिशवी मीच भरून दिली. मग एकदा तिला बरं नव्हतं, एकदा ऊन फार होतं, एकदा भाऊजींना सुट्टी नव्हती. नंतर जन्मदाखल्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव म्हणालीस, कशाला विचारलं तर म्हणालीस असू दे, लागतो. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण तू मागितलंस आणि मी दिलं नाही असं आपल्यात कधी झालंय का?

सुनिल घरी आलाय. त्याला सगळं सांगितलं, वाटलं हा तरी पेटेल. तर हा जाळं सोडवत बसल्यासारखा शांत. म्हणतो, "असू दे की. ताई काय परकी हाय? इंग्लिश शिकल, बोटीवर तर नाय जाणार." मी त्याला म्हटलं, पोरगी बोटीवर कशी जाईल, अक्कल कुठे ठेवून आलास? दोन वेळचं जेवण मी त्याच्यापुढे नुसतं आदळलं. त्याच्या बोलण्यात काही नाही असं मी म्हणत नाही, ताई. तुमच्या शाळेचा गणवेश चांगला, बस दारात येते, पंखे आहेत. आपल्या शाळेच्या एका खोलीत गळतं. हे मला दिसत नाही असं समजू नकोस.

पण मला आणखी एक दिसतं. गेला महिनाभर मी आणि आपल्या शाळेचे यतीन सर घरोघरी फिरतोय. यंदा पट कमी झाला तर आपली शाळा हायवेपलीकडच्या शाळेत घालतील असं सर म्हणतात. तो हायवे एवढ्याशा पोरांनी ओलांडायचा! म्हणून मी प्रत्येक ओट्यावर बसून सांगते की पोरं आपल्याच शाळेत घाला, सरांना आपली बोली कळते, पोर रडलं तर आपल्याला हाक ऐकू येते. सरांना पण मी सोडलं नाही. तुमचा मुलगा डहाणूत इंग्लिशला आणि आम्हाला सांगता का, असं तोंडावर विचारलं, तर बिचारे चष्मा पुसत बसले. मोठा तोरा होता मला. आणि परवा सोनीबाईच्या घरी गेलो तर ती सुपातलं धान्य पाखडता पाखडता म्हणाली, "आमची पोर घालू गं. तुझी कुठं हाय?" सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आहे ना, मावशीकडे गेलीय, सोमवारी येईल. सोनीबाईने सूप जरा जोरात आपटलं.

ताई, तुला आपल्या शाळेचा ओटा आठवतो? मला आठवतो. आई गेली त्या वर्षी तुझी शाळा सुटली. चौथी झाली होती, पुढे काशीनाथ गुरुजी तुला तलासरीला पाठवा म्हणत होते, पण घरात भाकरी कोण करणार? पुढच्या वर्षी जूनमध्ये बाबा कामावर गेले होते आणि तू मला काखेत घेऊन शाळेत गेलीस. मला चालता येत होतं, पण तू खाली उतरवत नव्हतीस. गुरुजींनी विचारलं, हिची आई कुठे आहे, तिला घेऊन ये. तू म्हणालीस, "मीच हिची आयस." वर्गातली पोरं फिदीफिदी हसली. तुझं नाक वाहत होतं, पोलक्याचं एक बटण नव्हतं. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी माझं नाव घातलं. मग मी रडेन म्हणून तू दिवसभर त्या ओट्यावर बसून राहिलीस, आणि मी खिडकीतून बघत राहिले तू आहेस ना. रोज बसायचीस. आत काय शिकवतात ते तिथूनच ऐकायचीस. मला पाढे यायच्या आधी तुला पुढचे पाढे आले होते.

त्या शाळेला तू आता "तसली शाळा" म्हणतेस. रविवारी म्हणालीस, शुक्रीला तसल्या शाळेत सडवू नकोस. तुझ्या तोंडून हे ऐकताना मला शिवी बसल्यासारखं झालं.

आणि तो पिवळा फ्रॉक. शुक्रीला जवळ घेतलं तेव्हा त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. मी ओळखला तो फ्रॉक. दुसऱ्या वेळी तुला दिवस गेले तेव्हा तू आणला होतास, बाजारातून येताना मी बरोबर होते. मुलगीच होणार म्हणत होतीस, आणि एवढा मोठा कशाला, असं मी विचारलं तर म्हणालीस, मोठी झाली की घालेल. दवाखान्यातून आपण दोघी रिकाम्या हाताने परत आलो, तेव्हा तू तो पलंगाखालच्या पेटीत टाकलास. नंतर ना तू त्याचं नाव काढलंस, ना मी. मला वाटलं होतं तू तो कधीच कोणाला दिला असशील. नऊ-दहा वर्षं तू तो जपून ठेवलास आणि माझ्या पोरीला घातलास. मी त्या फ्रॉकवर रागावू शकत नाही, म्हणून बाकी सगळ्यावर रागावतेय. पण राग खोटा नाही. तुझ्यावर जे गुदरलं ते फार वाईट होतं. त्याची भरपाई माझ्या पोरीतून करून घेऊ नकोस.

तुला वाटत असेल, एवढं होतं तर रविवारीच पोरीला उचलून का नाही नेलंस. वाटेत मलाही तेच वाटत होतं. खरं सांगते. शुक्री ते नवं गुलाबी दप्तर पोटाशी धरून दारात उभी होती. मला भीती वाटली. मी म्हटलं असतं चल, आणि ती तुझ्याकडे वळून बघत तिथेच उभी राहिली असती तर? तुझ्या त्या शेजारणीसमोर? मी एकटीच जिना उतरले. रिक्षात बसल्यावर बघते तर चिकूची पिशवी माझ्याच हातात. ते मी वाटेत एका म्हातारीला देऊन टाकले.

तर आता हे पत्र कशासाठी ते लिहिते. उद्या सुनिल डहाणूला येतोय, त्याच्याबरोबर देते. शुक्रीला त्याच्या हाती पाठवू नकोस. तिला तूच घेऊन ये. सोमवारी शाळा उघडते. पांड्याच्या टेम्पोला आंब्याची पानं आणि फुगे बांधून नव्या पोरांची पाड्यातून मिरवणूक काढायची आहे, मग शाळेच्या ओट्यावर कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कागदावर पावलं उमटवायची. पोरं गुदगुल्या होऊन पाय ओढतात म्हणून आईने पाय धरायचा असतो. येताना रिक्षात तिला तू स्वतः सांग की तू मावशी आहेस. मी सांगितलं तर तिला वाटेल, आपलं काहीतरी चुकलं. तुझ्या तोंडून ऐकलं तर तिला मोठ्याने आये म्हणता येईल. तू मला शाळेत घातलंस तेव्हा मला आई नव्हती, म्हणून तू झालीस, आणि ते खोटं मी जन्मभर डोक्यावर घेईन. शुक्रीला आई आहे, ताई. पण तिलाही तूच शाळेत आण, काखेत घेऊन आणलीस तरी चालेल. तो पिवळा फ्रॉकच घाल तिला. पावलं दोन असतात. एक मी धरेन, दुसऱ्यासाठी तू ओट्यावर ये. राहिलेला नमस्कार तिथेच वाकून करते.

तुझीच पोर,
योगी