जीपची चावी माझ्यापाशी हाय

श्रावणीचे बाबा,

मी आत्याबाईला घेऊन एसटीनं हिंगोलीला डोळ्याच्या दवाखान्यात चालले. भाकरी टोपल्यात हाय, वरण तेवढं गरम करून घ्या.

काल सेनगावच्या शिबिरात डॉक्टरीणबाईनं सांगितलं, शुगरनं आत्याबाईच्या डोळ्याचा पडदा खराब होऊन राहिला. शुगरवाल्या पाच जणांत साधारण एकाला हे होतं म्हणे, आन् सुरवातीला ना दुखतं, ना कळतं. मी वर्षभर बोंबलून राहिले की तांदळात खडे राहतात, म्हातारीला दिसत न्हाई. तुमी काय केलं? सोताच्या मायला अंगणात उभं करून जीपचा नंबर वाचायला लावला. तिनं घडाघडा सांगितला, तुमी म्हणले नजर ठणठणीत. अहो, दर दसऱ्याला त्या नंबरपाटीला हळदकुंकू तीच लावती! डोळे मिटून बी सांगंल ती. वर तिच्यावरच डाफरले, मुद्दाम कामचुकारपणा करती म्हणून. काहून तिला इतकं बोलले?

आता तुमचं. शुगरची गोळी तुमी बी खाता. डोळे दाखवा म्हणलं की म्हणता, मला समदं दिसतं. मग परवा पुसेगावच्या वळणावर म्हैस आधी कुणाला दिसली? मी वरडले म्हणून वाचलो, मागं सवाऱ्या बसल्या होत्या.

दवाखान्यात तुमचं बी नाव लावून ठेवते. दुपारच्या एसटीनं या. जीपची चावी शोधू नका, माझ्यापाशी हाय. आन् तिथं डोळ्यात थेंब टाकून आतला पडदा बघतात. पाठ केलेला नंबर चालत न्हाई.

शिवकन्या