वासा नव्हे, जमीन

३ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. मी बरा आहे. बाबांचा खोकला कमी झाला का? ते अजून मागच्याच खोलीत झोपतात? तिथलं दार नीट लागतं ना? लाकूड फुगतं कधी कधी, म्हणून आपलं विचारलं.

गेल्या आठवड्यात गल्लीत सळ्या ठोकणाऱ्यांवर तू ओरडलीस, "उकरायला सगळे येतात, बुजवायला कोण येणार, तुमचा मामा?" त्यातल्या एका पिवळ्या हेल्मेटखाली मी होतो. मान वर केली नाही. मग तूच तांब्या भरून आणलास आणि म्हणालीस, "जपून प्या रे. पलीकडच्या नव्या खाणीत पंप लागल्यापासून आमच्या विहिरीने तळ गाठलाय."

मी न पिताच तांब्या पुढच्याकडे सरकवला.

५ मार्च

तेवढं लिहिलं आणि पेन ठेवलं. आज पुढे लिहितोय, कारण आज पुन्हा मोजलं.

आमचं काम म्हणजे दगड न फोडता दगड ओळखायचा. उगाच नाही तू मला दगडोबा म्हणत. त्या सळ्यांतून जमिनीत वीज सोडतो. ओल्या दगडातून ती सहज जाते, कोरडा दगड अडवतो. गेल्या वर्षी आपल्या मागच्या खोलीपाशी ती सुरळीत जात होती. आता अडते. साहेब म्हणाले, "कोरडा घट्ट कातळ असेल. पुढच्या महिन्यात भोक पाडून बघू. तोवर गल्लीत बोंब नको." पण कातळ जड असतो. तिथे जमिनीची ओढ, म्हणजे गुरुत्वाकर्षण, किंचित वाढायला हवी, आणि आमच्या दुसऱ्या यंत्रावर ती कमी भरते. वीज अडवतो आणि वजनही नाही, असा दगड मी अजून पाहिलेला नाही.

तो दगड नाही, ताई. ती हवा आहे.

घराखालून जुनी खाण गेलीय असं आजोबा सांगायचे आणि आपण हसायचो. ती पाण्याने भरलेली होती. त्या पाण्यानेच वरचं छत तोलून धरलं होतं. आता ते पाणी पंप ओढून नेतोय.

तू काय म्हणशील ते ठाऊक आहे. "घर विकायला जमलं नाही, आता भोकाची गोष्ट काढली." बाबांना माझ्याकडे नेतो म्हणालो, तेव्हा तू सगळ्यांसमोर मला "बडा घर, पोकळ वासा" म्हणालीस. लागलं होतं. असेन मी पोकळ. पण या वेळी वासा नाही गं, जमीन पोकळ आहे.

घर तुझंच. विकायचं नाव पुन्हा काढणार नाही. साहेबांना आज लेखी कळवलंय. माझं चुकलं असेल तर भोक पाडल्यावर पोटभर हस. तोवर माझ्याकडे नको वाटलं तर मावशीकडे राहा, पण त्या घरात नको.

दारात उभा राहून बोललो तर पहिल्याच वाक्याला दार लावशील, म्हणून हे फटीतून आत सरकवतोय. मी बाहेर गाडीत आहे. कपडे भरत बसू नकोस. बाबा मागे असतील तर आत जाऊ नकोस, पुढूनच हाक मार.

दाराकडे डोळे लावून बसलेला,
तुझा दगडोबा