गड्याची राखण

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

कासार आंबोली
१२ नोव्हेंबर २००२

चि. दादासाहेबास सगुणाआक्काचे अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेला येऊन गेलास, घर भरल्यासारखं वाटलं. तू आणलेली सुती साडी मी साधनाला दिली. सातव्या महिन्यात सुनेच्या अंगाला तेवढीच सोसते. फोन करणार होते, पण तुला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजव्याने तू ऐकत नाहीस, म्हणून हे पत्र.

कारण माझ्या कैलासचं आहे. तू गेल्यापासून गावात बोलवा उठली आहे की यंदा तो आपलं मंडळ सोडून लवळ्याच्या संघाकडून कबड्डी खेळणार. गिरणीत म्हणतात, लवळ्याच्या कॉलेजात त्याला कायमची नोकरी ठरली. डेअरीवर म्हणतात, नोकरी नाही, मोटारसायकल. कुशाबाने तर त्याला लवळ्याच्या निळ्या बनियनमध्ये डोळ्यांनी पाहिलं म्हणे, आणि कुशाबाला मोतीबिंदू आहे. कैलासला विचारलं तर तो हसला. म्हणाला की पिरंगुटच्या कंपनीतली पाळी सोडून मला पौडपर्यंत जायला फुरसत नाही, लवळ्याला कधी जाऊ.

तालुक्याला गड्यांची नावं द्यायची शेवटची तारीख तीस. तोवर पोरं रीतीप्रमाणे राखणीला बसलीत. तुला रीत ठाऊक आहेच, गावात शिरताना ओढ्यावरच्या मोरीवर बसायचं, बाहेरची गाडी आली की आत कोण, कशाला आलं ते विचारायचं, आपला गडी कोणी उचलून नेऊ नये म्हणून. यंदा भैरू पुढारी आहे. आणि ही रीत पाडली कोणी, तर आमच्या ह्यांनीच. पौडचा गडी हवा होता, तर त्याची आत्या शेवटच्या घटका मोजतेय असा निरोप देऊन जीप धाडली, बिचारा रडत जीपमध्ये बसला तो थेट आपल्या मंडळाच्या कागदावर सही करून उतरला. आत्या घरी भाकरी थापत होती. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, पण मोरीवर पोरं बसली की ती गोष्ट निघतेच. मलाच सांगायला लावतात. मी सांगते आणि हसते.

आमच्या माडीवर नागपूरकडचा ऋषिकेश भाड्याने राहतो. तो सध्या जेवत नाही. परदेशातल्या कुठल्या फुटबॉल संघाचा त्याचा लाडका गडी दुसरीकडे जाणार अशी बातमी आहे. तो सांगत होता की तिकडे असा गडी गेला की लोक त्याच्या नावाचा सदरा चौकात जाळतात. मी म्हटलं, बाबा, सदराच जाळतात ना.

लवळ्याकडे काही शिजत असेल तर कळव. मुलांना आशीर्वाद. लोभ आहे तसाच ठेव.

तुझी,
सगुणाआक्का

॥ श्री ॥

लवळे
१६ नोव्हेंबर २००२

ती. आक्काच्या चरणी दादासाहेबाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र वाचून इतका हसलो की बायको बघायला आली. आक्का, शिजवणारा आचारी मीच. पाडव्याला पौडच्या स्टँडवर जीप भरायची वाट बघत होतो. तुमचा भैरू चहाच्या टपरीवर मोठमोठ्याने सांगत होता की यंदा लवळ्याला रडवून पाठवू. मला राहवलं नाही. म्हटलं, भैरू, यंदा भाचा मामाच्या अंगणात खेळणार, बनियन शिवून तयार आहे. सगळे हसले. भैरू तेवढा हसला नाही. त्याने चहा तसाच ठेवला आणि सायकल काढली.

त्यावर गावाने एवढी इमारत चढवली तर माझा काय दोष? चार दिवस शिजू दे त्यांना. गेल्या साली कैलासचा खांदा निखळला तेव्हा कोण विचारायला आलं होतं? आता मोरीवर बसलेत राखण करत. तुझ्या गावात शिरताना मलाही आता सोयरीक सांगावी लागेल. सगळा गाव मला मामा म्हणतो आणि मामाचीच झडती!

साधनाची काळजी करू नकोस. बाळंतपणाला पौडला न्यायचं तर जीप माझी. त्या दिवशी एकही प्रवासी घेणार नाही. दुकानाच्या फोनवर निरोप ठेव, अर्ध्या वाटेतून माघारी वळेन.

कळावे. भाच्याला म्हणावं, निळा रंग तुला शोभेल. आक्काची माया कमी होऊ नये.

तुझा,
दादासाहेब

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

कासार आंबोली
२४ नोव्हेंबर २००२

चि. दादासाहेबास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी एकटीने वाचलं आणि कैलासला दाखवलं नाही. तू हसून घेतलंस. आता इकडचं ऐक.

मंडळाच्या फळ्यावरचं कैलासचं नाव कोणीतरी चुन्याने पुसलं. सोमवारी सकाळी दार उघडलं तर कडीला फाटक्या चपलांची माळ. साधनाच्या हाती लागली ती. भैरूची आई गोजराबाई, जिने साधनाला चौथ्या महिन्यात आंबट करून घातलं, ती नळावर मला बघून हंडा अर्धाच भरून निघून गेली. आमचं दूध डेअरीवर शेवटी मोजतात. पोरं कैलासच्या सायकलमागे निळा, निळा असं ओरडत जातात. यातली निम्मी पोरं त्याचे पाय चेपायची.

गुरुवारी त्याला देवळात बोलावलं. म्हणाले, बेल-भंडारा उचल आणि सांग की जाणार न्हाई. माझ्या मनात होतं की उचलावा आणि मिटवावं. पण कैलासने हात मागेच ठेवले. तो म्हणाला की नऊ वर्षं मी तुमच्यासाठी माती खाल्ली, माझ्या साध्या शब्दाचा भरवसा नसेल तर हळद लावून तो येणार न्हाई. वडिलांचाच हट्ट. लोकांनी त्याचा अर्थ एवढाच घेतला की तो जाणार हे ठरलं. भैरू तर देवळाच्या पायरीवर बसून रडला. दादासाहेब, मला त्या रडण्याची भीती वाटली. माळ घालणाऱ्याची वाटली नाही एवढी.

साधनाचे पाय सुजलेत. नर्सबाई म्हणाली की रक्तदाब चढतोय, हिला शांत ठेवा. ती रात्रंदिवस दाराच्या कडीकडे बघते.

तू इथं ये. भैरवनाथापुढे चार माणसांत सांग की मी थट्टा केली. तुझ्या तोंडून निघालेली गोष्ट तुझ्याच तोंडून मिटेल. माझं कोणी ऐकत नाही, मी आई आहे. उशीर करू नकोस.

तुझी,
सगुणाआक्का

॥ श्री ॥

लवळे
२८ नोव्हेंबर २००२

ती. आक्कास शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र पोचलं. चपलांचं वाचून वाईट वाटलं. गावाला इतकं खरं वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

येतोच आहे, पण रविवारी येतो. शनिवारी तीस तारीख, नावं जातील, कैलासचं नाव तुमच्या यादीत दिसेल आणि सगळ्यांची तोंडं आपोआप बंद होतील. दोन दिवसांसाठी मी देवळात कान धरून उभा राहिलो तर इथली पोरं मला जन्मभर चिडवतील. आधीच विचारतात की मामा, भाचा कधी आणताय.

साधनाला म्हणावं, रविवारी मामा पुऱ्या खायला येतोय. जीपची आठवण ठेव.

तुझा,
दादासाहेब

लवळे
१८ डिसेंबर २००२

ती. आक्कास दादासाहेबाचा नमस्कार.

वर श्री घातलेला नाही. घालवेना.

तेराव्याला मी मांडवात मागे बसलो आणि न जेवता निघालो, ते तू पाहिलंस. तोंडाने सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

शनिवारी तीनच्या सुमारास दुकानातून निरोप आला की साधनाला रक्त जातंय. मी होतो तसा निघालो. मोरीवर दगड मांडलेले. मी हॉर्न धरून ठेवला. भैरू आणि चौघे पुढे आले. मी सांगितलं की सून अडली आहे, पौडला न्यायची आहे, सोडा. ते हसायला लागले. भैरू म्हणाला, मामा, आमच्या हैबतरावांची थाप आमालाच विकताय व्हय, निदान आत्या तरी म्हणायचं होतं. आणि बाकीचे म्हणाले की तीस तारखेलाच बरी अडली.

त्यांनी चारही चाकांची हवा सोडली. चावी काढून ओढ्यात टाकली. मी भैरूचे पाय धरले, आक्का. त्याला तेही सोंग वाटलं. स्टँडवर मी त्याच्याकडे बघून जसा हसलो होतो, तसा तो माझ्याकडे बघून हसला. पळत निघालो तर दोघांनी धरून ठेवलं. सुटलो तेव्हा सदरा त्यांच्याच हातात राहिला.

पुढचं तुला ठाऊक. तिला बाजेवर घालून बाहेर काढली तेव्हा त्याच पोरांनी बाज खांद्यावर घेतली. भैरू अनवाणी धावत गेला आणि डेअरीचा टेम्पो घेऊन आला. पौडला पोचलो तेव्हा डॉक्टरांनी नाडी बघितली आणि माझ्याकडे बघितलं. मूल तर आधीच गेलं होतं.

आक्का, मी वकील पाहून ठेवला आहे. भैरू आणि चौघांवर फिर्याद द्यायची. तुझी आणि कैलासची सही हवी. पाच पोरं आत गेल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

दादासाहेब

कासार आंबोली
१२ फेब्रुवारी २००३

चि. दादासाहेबास सगुणाआक्काचे आशीर्वाद.

उत्तराला फार दिवस लागले. काय लिहायचं ते ठरलं होतं, हात चालत नव्हता.

फिर्यादीवर कैलास सही करणार नाही. मीही नाही. तो म्हणाला की नावं लिहायचीच तर सगळी लिहा. स्टँडवर बोलला त्याचं लिहा, आत्येची थाप ज्याने शिकवली त्याचं लिहा, ती दरसाल हसून सांगितली तिचं लिहा, आणि भंडारा उचलला नाही त्याचं लिहा. तेवढी नावं घेणारा वकील असेल तर सही करतो. मी तुला शिक्षा म्हणून हे लिहीत नाही. खरं आहे म्हणून लिहिते.

तुला एक गोष्ट ठाऊक नाही. तुझा हॉर्न मला घरात ऐकू आला होता. मी साधनाला सांगितलं, मामा आले बघ. ती उठून बसली, केस बांधायला लागली. मग हॉर्न थांबला. ती विचारत राहिली की मामा कुठपर्यंत आले. मी सांगत राहिले, मोरीपर्यंत. शेवटपर्यंत मी तेच सांगत होते, आणि खोटं सांगत नव्हते.

गेल्या आठवड्यात भैरवनाथाचा उत्सव झाला. सामना तुमच्या लवळ्याशीच होता. तू आला नाहीस, पण तुझ्या गावच्या पोरांनी सांगितलं असेल. तरी माझ्याकडून ऐक.

मंडळाची माणसं आठ दिवस आधी येऊन ओसरीवर बसली. फळ्यावर कैलासचं नाव परत रंगवलं होतं, आधीपेक्षा मोठं. एकजण म्हणाला की झालं गेलं देवाच्या मनात होतं. कैलास म्हणाला, खेळतो. गाव सुटल्यासारखा झाला. गोजराबाई शेणाने माझं अंगण सारवून गेली.

आमचे हे गेल्यापासून मी मैदानावर गेले नव्हते. त्या दिवशी गेले. पहिली चढाई कैलासची. त्याने मधल्या रेषेला हात लावून कपाळाला लावला आणि पलीकडे गेला. तोंड मिटलेलं. कबड्डी कबड्डी म्हणून दम घातलाच नाही. दम नाही तर गडी बाद, हे रांगतं पोरही सांगेल. तुमच्या सात गड्यांत नुसता जाऊन उभा राहिला, हात खाली सोडून. कोणी त्याला धरेना. पंच शिट्टी तोंडात धरून उभा. एवढा गाव जमलेला, पण ध्वजाचं कापड फडफडतंय तेवढं ऐकू येत होतं. तो तिथं किती उभा होता कोण जाणे. शेवटी आमच्याच बाजूने भैरूने हात वर केला आणि पंचाला सांगितलं की गडी बाद हाय. त्याचा आवाज फाटला होता.

मग शिट्टी झाली. कैलासने बनियन काढलं, घडी केली, रेषेवर ठेवलं आणि घरी आला. मी आले तेव्हा तो बादलीत पाय धूत होता. मला म्हणाला, आई, भाकरी टाक.

तेव्हापासून पाळीला जातो, येतो. कोणाशी वाकडं बोलत नाही. परवा तुमच्या संघाचा माणूस खरोखरच आला, कॉलेजातली नोकरी खरोखरच घेऊन. मोरीवरून आला, कोणी अडवलं नाही. भैरूनेच त्याला आमचं घर दाखवलं. कैलासने चहा पाजून परत पाठवला. गावात कोणी विचारलंसुद्धा नाही की काय ठरलं.

ऋषिकेशचा तो फुटबॉलवाला गडी दुसऱ्या संघात गेला. मला पेपरात वाचून कळलं. त्याने मला सांगितलं नाही. भिंतीवरचं चित्र काढून ठेवलंय.

तू जीप विकायला काढली आहेस असं ऐकलं. विकू नकोस. आणि त्या दिवसापासून तू दोनदा आलास, दोन्ही वेळा जीप रस्त्यावर सोडून चालत आलास. तसं करू नकोस, गुडघे दुखतात तुझे. मोरीवरून सरळ दारापर्यंत आण. आता कोणी अडवत नाही.

माया होती तेवढीच आहे, कमी समजू नकोस.

तुझी,
सगुणाआक्का